विकणाऱ्यानं शेजारी बसायचं

जुनी गाडी तपासायला आली की हवालदार आधी गाडीकडे बघत नसत. गाडी आणणाऱ्या माणसाकडे बघत. तो दार कसं लावतो, उतरल्यावर एकदा तरी मागं वळून गाडीकडे बघतो का, किल्ली बोटात फिरवतो की खिशात टाकतो. मग सावकाश उठत, खाकी पँटीला हात पुसत आणि बॉनेटवर तळवा ठेवत. बॉनेट कोमट लागलं की विचारत, "सकाळी हिला च्या कुनी पाजला?"

गार इंजिन कुरकुरतं म्हणून लोक गाडी घरीच तापवून आणायचे. पकडला गेलेला माणूस कसनुसा हसायचा. हवालदार हसत नसत.

गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर दहिवडीकडचा एक जण भेटला. बोलता बोलता सहज म्हणाला, "त्ये गाड्यावालं हवालदार गेलं की वो." मी "अरेरे" म्हणालो, पिशवी उचलली आणि माझी गाडी लागलेली नसताना दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. हवालदारांबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे, कारण ते चांगलेच होते. यात वाईट आहे ते माझ्याबद्दल आहे.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढं, कोरेगावच्या रस्त्याला, लिंबाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. गाव माण तालुक्यात. नाव शिदोबा, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. लष्करात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून ते परत आले होते. मी तेव्हा शेडसमोरच्या कचेरीत कारकून होतो. दुपारचा चहा आम्ही बरोबर घ्यायचो. त्यांची पेन्शनची पत्रं मी लिहून द्यायचो आणि ते माझ्या सायकलचे ब्रेक न सांगता आवळून ठेवायचे. वयानं वीस वर्षांनी मोठे, तरी मला "भाऊसाहेब" म्हणत.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या मोटारीसाठी नंबर लावला तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळं डॉक्टर, वकील, बागायतदार, सगळे जुनीच शोधत. आणि जुनी घ्यायची तर हवालदारांना दाखवून. ते फक्त घेणाऱ्याकडून तपासणीचे ठरलेले पैसे घेत. विकणाऱ्याकडून काही नाही, पाणीसुद्धा नाही. ऐन उन्हाळ्यात कोणी सरबत पुढं केलं तरी म्हणत, "ऱ्हाऊ द्या. गाडी पास झाली तर च्या घीन." गाडी नापास झाली की तसेच कोरड्या घशानं परत यायचे.

त्यांचं बघणं साधं होतं. एका वकिलानं विकायला आणलेल्या गाडीत ते दार उघडून नुसते उकिडवे बसले आणि क्लचच्या पेडलवरचं रबर अंगठ्यानं चाचपलं.

"वकीलसाब, काटा किती म्हनतो?"

"वीस हजार मैल."

"आन् रबर म्हनतं साठ. दोन साक्षीदार हायत. खोटं कोन बोलतंय, तुमीच सांगा."

वकील गाडी परत घेऊन गेले. पुढं चार महिन्यांनी त्यांनी दुसरी गाडी घेताना हवालदारांनाच बोलावलं.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळी होती. विकणाऱ्यानं शेजारी बसायचं आणि हवालदारांनी पसरणीचा घाट उतरायचा. वाईहून वर पाचगणीला जायचं, तिथून गाडी वळवायची आणि खाली सोडायची. जमलं तर विकणाऱ्यानं आपल्या घरचं माणूस मागं बसवायचं. "मशीन खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे, "पर त्येची भाषा समद्यास्नी येत न्हाई. मानसाच्या पायाची येती. घाटात बसलेला मानूस पायानं ब्रेक दाबतो. आपल्या गाडीवर इस्वास असंल तर न्हाई दाबत."

कोरेगावकडचा एक बागायतदार जीप विकायला आला होता. घाटाचं नाव काढल्यावर म्हणाला, "मी न्हाई येत. मला गाडी लागते."

हवालदारांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "जीप इकायला निघालाय आन् गाडी लागती? आवं मग आजवर काय हिला बैलं जुपत व्हता?"

शेडमध्ये हशा झाला. जीप परत गेली. पुढं ती दुसऱ्या कोणी घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिचा गिअरबॉक्स रस्त्यावर आला असं कळलं. हवालदारांना सांगितल्यावर ते इतकंच म्हणाले, "मानूस बरा व्हता. भ्याला म्हंजी बराच व्हता."

हे वाक्य तेव्हा मला कळलं नव्हतं.

पुढं मला सांगलीजवळ माधवनगरला एका सूतगिरणीत नोकरी लागली. पगार बरा, पण जागा नाही. तिघा जणांत एक खोली करून राहायचो. बायको, सुधा, वाईला तिच्या माहेरी. लग्नाला दीड वर्ष झालेलं आणि त्यातले एकत्र राहिलेले दिवस बोटांवर मोजावेत इतके. गिरणीचे दोन खोल्यांचे क्वार्टर होते, ते धाकट्या मालकांच्या हातात होते. धाकट्या मालकांना गाड्यांचा नाद. त्यांची लाल, दोन दारांची हेराल्ड होती. जास्त पळावी म्हणून दोन कार्बोरेटर बसवून घेतलेले. बॉनेट उचललं की मगरीनं जबडा उघडावा तसं पुढचं सगळं अंग वर यायचं आणि आतली चाकंसुद्धा दिसायची. सांगली-मिरज रस्त्यावर ती गेली की लोक सायकलवरून उतरून बघत.

ती गाडी तासगावच्या रस्त्याला एका मोरीवर आदळली. वरून फार दिसलं नाही, पण खाली चेसीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, उजवीकडची पट्टी पुढच्या चाकाजवळ तडकली. कुठल्याशा शेडमध्ये ती जोडून आणली. मग धाकट्या मालकांनी मला बोलावलं. "खालून सगळं डांबर मारून घ्या. पावसाळ्याचं म्हणून सांगा. साताऱ्याला तुमची ओळख आहे म्हणे. गाडी गेली की क्वार्टरचं बघू."

डांबर मारताना मी गाडीखाली उतरायच्या खड्ड्याशेजारी उभा होतो. गिरणीचा ड्रायव्हर खालून म्हणाला, "भाऊसाहेब, जोड बरा हाय. दमानं चालवली तर चालंल." मी तेवढंच धरून बसलो. दमानं चालवली तर चालेल. दोन कार्बोरेटरची गाडी कोणी दमानं चालवायला घेत नाही, हे मला कळत होतं.

गिऱ्हाईक हवालदारांकडेच आलेलं होतं. साताऱ्यातले एक तरुण सर्जन. कराडला आणि वाईला ऑपरेशनं करायला जायचे आणि वाटेत एसटीत तास मोडायचे. त्यांना पळणारी गाडी हवी होती आणि पैसा बेताचा होता.

"पळनारी पायजे?" हवालदारांनी त्यांना सांगितलं होतं. "मग आदी थांबनारी बगा, डाक्टर. कमी पैशात येग भेटतो. थांबनं महाग असतं."

हेराल्डचं मीच पत्रानं कळवलं. ड्रायव्हरबरोबर गाडी घेऊन मी साताऱ्याला आलो. हवालदारांनी नेहमीप्रमाणं आधी माझ्याकडे बघितलं, पण ते बघणं तपासणीचं नव्हतं. "वाळलाय की वो भाऊसाहेब. सांगलीचं पानी मानवंना का?" म्हणाले. मग बॉनेटवर हात ठेवला. गाडी सांगलीहून आलेली, तापलेलीच होती. च्या कुणी पाजला ते त्यांनी विचारलं नाही.

इंजिन त्यांना आवडलं. स्टीअरिंग, गिअर, ब्रेक, सगळं बघितलं. गाडी खड्ड्यावर घेतली आणि ते खाली उतरले. मी काठावर उभा. खालून त्यांचा आवाज आला.

"भाऊसाहेब, नवं डांबर."

"हो."

"नवं डांबर, जुनं पाप. अशी म्हन हाय आमची."

ती म्हण त्यांची एकट्याचीच होती. मी वाकलो. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि त्याचं टोक उजव्या पट्टीवर, बरोबर तिथं, टेकलेलं होतं.

"मी स्वतः उभं राहून मारून घेतलंय," मी म्हणालो. "पावसाळ्यासाठी. खाली काही नाही."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्याच श्वासात निघून गेलं. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून एक डोळा मिटून. मग स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला.

"तुमी हुबं ऱ्हायला म्हंजी झालं," ते म्हणाले. "चला, पसरणी. मालक न्हाईत, तर शेजारी तुमी बसा."

वाटेत वाईला सासरवाडीशी थांबलो. मला सुधाला फक्त भेटायचं होतं. ती बाहेर आली, लाल गाडी बघून हरखली. हवालदार म्हणाले, "वैनी, बसताय का मागं? घाट दावून आनतो." सहज म्हणाले. पण सहज नव्हतं, ते मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. मला 'नाही' म्हणता आलं असतं. उन्हाचं कारण होतं, तिच्या आईचं कारण होतं. नाही म्हटलं असतं की हवालदार न बोलता परत गेले असते, गाडी नापास झाली असती, आणि सुधा वाईलाच राहिली असती.

मी म्हणालो, "बस ना. डॉक्टरांची गाडी होणार आहे, परत कुठं बसायला मिळणार?"

ती आतून लाडवांचा डबा घेऊन आली, वर खायला म्हणून, आणि मागच्या सीटवर बसली.

चढ मला आठवत नाही. उतार आठवतो. हवालदार घाटात बोलत नसत. पहिल्या वळणावर त्यांनी गाडी जोरात आत घातली, मधेच ब्रेक मारला, सोडली, पुन्हा मारला. गाडी लोण्यासारखी वळली. दुसरं वळण. तिसरं. गाडी डावीकडे वळली की सगळा भार उजव्या चाकावर येतो, हे मला त्यांनीच कधीतरी चहा पिताना शिकवलं होतं. मी डावी वळणं मोजत होतो. माझे दोन्ही पाय मी पुढच्या पत्र्यापासून मागं ओढून, घोटे एकमेकांत अडकवून धरले होते. पायानं ब्रेक दाबायचा नाही. चेहरा सैल ठेवायचा. मला सगळी उत्तरं माहीत होती. पेपर काढणाऱ्याबरोबर मी पाच वर्षं चहा प्यायलो होतो.

मागून सुधा बोलत होती. "अहो, आपलं घर दिसतंय बघा. ते बघा, नदीच्या घाटाशेजारचं पांढरं." खाली कृष्णा उन्हात चमकत होती. हवालदारांची नजर रस्त्यावर होती, पण कान माझ्याकडे होते. त्या दिवशी ते गाडी ऐकत नव्हते, मला ऐकत होते.

पाचव्या डाव्या वळणावर उजव्या चाकाकडून आवाज आला. टक्. एकदाच.

हवालदारांनी वेग कमी केला. "काय वाजलं?"

मागून सुधा म्हणाली, "माझा डबा असेल हो."

मी मागं वळून बघितलं. डबा तिच्या मांडीवर होता. दोन्ही हातांनी तिनं तो पोटाशी धरला होता.

"डबाच," मी म्हणालो.

हवालदारांनी मान हलवली आणि उरलेला घाट उतरले.

सासऱ्यांकडे ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला. विकणाऱ्याच्या घरचा चहा. दोन कप घेतले आणि वर लाडू मागून घेतला. सुधाला म्हणाले, "वैनी, गाडीपेक्षा लाडू नंबरी हाय." मी आत पाणी प्यायला गेलो आणि माजघराच्या भिंतीला टेकून उभा राहिलो.

डॉक्टरांनी गाडी घेतली. महिनाभरात मला क्वार्टर मिळालं. सुधा आली. तिनं खिडक्यांना निळे पडदे केले. मी त्या घरात अकरा वर्षं राहिलो.

गाडी डॉक्टरांकडे चार महिने चालली. भर दुपारी खंबाटकीच्या घाटात, डाव्या वळणावर, उजवं चाक आत दुमडलं आणि गाडी डोंगराला जाऊन घासली. दरीकडे गेली नाही म्हणून डॉक्टर वाचले. उजवं मनगट चिरडलं. हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. ते आजही साताऱ्यात दवाखाना चालवतात, ताप-खोकला बघतात. ऑपरेशन त्यांनी पुन्हा केलं नाही.

मी बातमी ऐकून साताऱ्याला गेलो ते हवालदारांच्या शेडवर. तिथं दहा-पंधरा माणसं जमलेली. हवालदार चौकीवर जाऊन गाडी बघून आलेले होते. डांबर त्यांनी तिथं स्वतःच्या हातानं खरवडलं होतं. नखांत अजून काळं होतं. डॉक्टरांचे वडील समोर उभे होते. निवृत्त हेडमास्तर, आवाज कधी न चढवणारे.

"मला एवढंच सांगा हवालदार," ते म्हणाले, "गिरणीवाल्यांकडून तुम्ही किती घेतलेत?"

विकणाऱ्याचं पाणी न पिणाऱ्या माणसाला हे विचारलं गेलं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. अगदी लहान वाक्य. मला माहीत होतं, एवढंच.

"गुर्जी, घेतलं न्हाई," हवालदार म्हणाले. "पर पास मी केली. चूक माजी हाय."

गर्दीतून कोणीतरी माझ्याकडे बोट केलं. "गाडी आणली ती यांनी. यांना इचारा की."

हवालदार माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे, गाडी आणणाऱ्या माणसाकडे बघत तसं, बघितलं, खालपासून वरपर्यंत. मला वाटलं, कळलं. आणि खरं सांगतो, क्षणभर हायसं वाटलं.

"न्हाई," ते सावकाश म्हणाले. "भाऊसाहेबांनी बायको मागं बसवली व्हती. त्यास्नी म्हाईत असतं तर बसवली असती व्हय? त्यांचा दोष न्हाई. मला दिसाय पायजे हुतं. माझ्या हातात हत्यार हुतं."

आठवड्याभरात त्यांनी शेड बंद केली. पाने, जॅक, सगळं शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकलं आणि गावी गेले.

सुधा अजूनही कधीतरी त्यांची आठवण काढते. "किती विश्वासाचा माणूस होता. त्या दिवशी घाटात मला एकदाही भीती वाटली नाही." आजवर मी त्यावर "हं" म्हणत आलो. हे लिहून झालं की आधी तिला वाचायला देणार आहे. मग साताऱ्याला, डॉक्टरांना. तिसरा वाचणारा राहिला नाही.

अपघातानंतर दोन वर्षांनी मी एकदा दहिवडीला गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. शेळ्या-मेंढ्यांच्या गर्दीत ते दिसले. धोतर, डोक्याला टापशी, अंगानं निम्मे झालेले. एक ओळखीचा माणूस शेळी घेत होता आणि त्यांना म्हणत होता, "हवालदार, जरा दात बगा की हिचं. तुमची नजर लय चांगली."

"मला नगा इचारू गड्या," हवालदार म्हणाले. "मला न्हाई कळत."

थट्टा करत असतील असं त्या माणसाला वाटलं. तो हसला. हवालदारांनी हात मागं बांधले आणि शेळीकडे न बघता बाजूला झाले.

तेव्हा मी त्यांच्यापुढं गेलो. त्यांना आनंद झाला. चहा पाजला. "वैनी बऱ्या हायत न्हवं? क्वार्टरात हायत? ब्येस झालं." मी दोनदा सुरुवात केली. "हवालदार, त्या गाडीचं..."

"सोडा ते," ते म्हणाले. "तुमाला बी फसवलं त्या मालकानं. तुमी मनाला लावून घिऊ नगा. मी रोज इचार करतो, आवाज आला हुता, मग मला कसा न्हाई उमगला? कानच गेलं माजं. डोळं बी." बशीतला चहा फुंकत ते थांबले. "मानसावर मी कवा चुकलो न्हाई, भाऊसाहेब. म्हंजी मशिनवरच चुकलो."

मी चहा संपवला.

मला एसटीपर्यंत सोडायला आले. साताऱ्यात असताना त्यांची एक सवय होती. ओळखीचं कोणीही कुठल्याही गाडीत चढायच्या आधी ते एकदा वाकून तिच्या पुढच्या चाकांमागं बघत, अगदी एसटीसुद्धा, आणि मग म्हणत, "बसा." ड्रायव्हर लोक त्यावरून त्यांची चेष्टा करत.

मी चढून खिडकीशी बसलो. खाली हवालदार एसटीच्या पुढच्या चाकापाशी गेले. गुडघ्यावर हात ठेवून वाकायला लागले. अर्ध्यात थांबले. मग कोणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघत सरळ झाले आणि कशालाही न लागलेले हात धोतराला पुसत राहिले.

गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात वर केला. "बसा" म्हणाले नाहीत.